चाळिशीकडे आलेले गरोदरपण: गर्भाची तपासणी करावी का, कोणती आणि केव्हा

यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काम करताना मी अडतीस, चाळीस, क्वचित त्रेचाळीस वर्षांच्या गरोदर स्त्रिया पाहिल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी ती बातमी मला दबक्या आवाजात सांगितली. कुणाची मोठी मुलगी बारावीला होती आणि लोक काय म्हणतील याची तिला लाज वाटत होती, कुणाला लग्नानंतर चौदा वर्षांनी पहिल्यांदा दिवस गेले होते, कुणाचे हे दुसरे लग्न होते, तर कुणी पाळी जायचीच वेळ आली असे समजून चार महिने काढले होते. त्यात तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगू नये, हा आपल्याकडचा जुना नेम. गर्भाची पहिली महत्त्वाची तपासणी ज्या तीन आठवड्यांत होते ते आठवडे नेमके याच काळात येतात, आणि बाई दवाखान्यात पोहोचते तेव्हा ते उलटून गेलेले असतात. म्हणून पहिली विनंती हीच, की पाळी चुकल्याची शंका येताच लघवीची तपासणी करून घ्यावी, आशाताईंना सांगावे आणि नाव नोंदवावे. गावभर सांगायचे की नाही हे नंतर ठरवता येते.

तपासण्यांची माहिती पुढे क्रमाने दिली आहे, पण तिच्याआधी एक गोष्ट मनात पक्की असावी असे मला कळकळीने वाटते. निकाल हाती आल्यावर आपण काय करणार आहोत, याचा विचार रक्त देण्याआधीच झालेला असावा. तो न करता केलेली तपासणी घराला अशा जागी आणून सोडते, जिथे विचार करायला आठवडेच शिल्लक नसतात.

वयामुळे धोका नेमका किती वाढतो

स्त्रीची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, म्हणजे चाळिशीतल्या बाईचे बीजही चाळीस वर्षांचे असते. इतक्या जुन्या बीजात गुणसूत्रांची, म्हणजे आई-बापाचे गुण बाळात नेणाऱ्या पेशीतल्या धाग्यांची, वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली, तर बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. पंचविसाव्या वर्षी सुमारे १,२५० बाळंतपणांत एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० मध्ये एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मध्ये एक आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे ३० मध्ये एक, असे हे प्रमाण चढत जाते. पस्तिशीला कडा तुटल्यासारखे काही होत नाही, चढण हळूहळू उभी होते. चाळिसाव्या वर्षीसुद्धा शंभरांतल्या नव्याण्णव बाळांना हा दोष नसतो, हे घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगावे. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली किंवा कापूस वेचायला गेली म्हणून हा दोष येत नाही. त्यात बाईची काहीही चूक नसते.

१८ व्या आणि १३ व्या गुणसूत्राची जास्तीची प्रत हे दोष याहून विरळ, पण फार गंभीर असतात, आणि अशी बहुतेक बाळे वर्षभरही जगत नाहीत. उलट, या तपासण्यांतून जे कळत नाही ते खूप आहे. स्वमग्नता, बहिरेपणा, जन्माच्या वेळी गुदमरल्यामुळे होणारे नुकसान यांपैकी काहीही त्यात दिसत नाही, त्यामुळे ‘सगळे नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ ‘जे तपासले ते नॉर्मल’ इतकाच घ्यावा.

पस्तिशीनंतरच्या मातेच्या कार्डावर ‘अतिजोखमीची माता’ म्हणून लाल स्टिकर लागते. ते पाहून एका घरात रडारड झाल्याचे मला आठवते. ते स्टिकर आईचा रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बाळंतपण यांवर जास्त लक्ष ठेवण्यासाठी असते; बाळात दोष आहे असा त्याचा अर्थ नसतो.

आधी आठवडे आणि वय नक्की करा

आपल्याकडे महिने मोजतात, तपासणीचे सगळे गणित मात्र आठवड्यांवर चालते, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे. ‘तिसरा लागला’ असे सांगणारी बाई नऊ आठवड्यांची असू शकते आणि तेरा आठवड्यांचीही. पाळीची तारीख आठवत नसेल तर पोळा, नवरात्र, पेरणी, सोयाबीनची कापणी अशा खुणांवरून ती काढता येते. त्यातूनही नक्की होत नसेल, किंवा पाळी अनियमित असेल, तर लवकरात लवकर सोनोग्राफी करून गर्भाच्या लांबीवरून आठवडे ठरवून घ्यावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सोनोग्राफीची चिठ्ठी त्याच दिवशी मागावी.

वयाचेही तसेच आहे. मार्कर तपासणी म्हणजे आईच्या रक्तातल्या काही घटकांवरून बाळात दोष असण्याची शक्यता काढणारी तपासणी. तिचा निकाल यंत्र काढते आणि त्यात आईचे वय हा मोठा आकडा असतो. आपल्याकडे कित्येकींची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून असते आणि तीच पुढे आधार कार्डावर उतरते. खरे वय तीन-चार वर्षांनी पुढेमागे असेल तर निकालही पुढेमागे होतो, म्हणून अर्ज भरताना आईला किंवा मोठ्या भावाला विचारून खऱ्याच्या जवळचे वय सांगावे. वजन, मधुमेह, जुळी बाळे, आधीच्या बाळातला दोष हेही लिहून द्यावे. टेस्ट ट्यूब उपचारांत दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरले असेल तर गणितात वय त्या दात्या स्त्रीचे धरावे लागते. ही गोष्ट घरच्यांपासून लपवलेली असली तरी डॉक्टरांना एकांतात सांगावी, कारण तिच्यामुळे निकाल पार बदलतो.

रक्त देण्याआधी घरात कोणते प्रश्न विचारावेत

एके संध्याकाळी, पाहुणे नसताना, नवरा-बायकोने बसून बोलावे आणि आधी बाईने बोलावे. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे असे खात्रीने कळले, तर आपण गर्भपाताचा विचार करू का? की बाळ ठेवूच, पण आधी कळले तर तयारी करता येईल म्हणून कळलेले हवे? की कळल्याने काहीच बदलणार नाही आणि उरलेले महिने फक्त घोर लागेल? पहिल्या उत्तराच्या घराने तपासणी वेळेवर आणि शेवटच्या पायरीपर्यंत करण्याची तयारी ठेवावी. दुसऱ्या उत्तराच्या घराला बहुधा रक्ताची तपासणी आणि चांगली सोनोग्राफी पुरते. तिसऱ्या उत्तराच्या घराने मार्कर तपासणी नाकारली तर तो पूर्ण समजून घेतलेला निर्णय आहे, आणि डॉक्टरांनी किंवा माझ्यासारख्या कुणी त्यांना त्यावरून बोल लावू नये. मात्र अशा घरानेही पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी टाळू नये, याबद्दल मी आग्रही आहे.

या बोलण्यात डाऊन सिंड्रोम म्हणजे काय, हे नीट माहीत असावे. अशी मुले उशिरा बसतात, उशिरा बोलतात, त्यांची बुद्धी कमी-अधिक प्रमाणात मंद असते, आणि जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, त्यातले पुष्कळसे शस्त्रक्रियेने बरे होतात. अनेक जण शाळेत जातात, घरातली कामे करतात, पन्नाशीपर्यंत आणि पुढेही जगतात. आईचे वय चाळीस असेल तर आपल्यामागे याला कोण बघेल, हा प्रश्न इतरांपेक्षा तिला लवकर पडतो, आणि तो मनातल्या मनात न ठेवता थोरल्या मुलांदेखत बोलावा.

मुलगा की मुलगी हा प्रश्न मात्र या बैठकीत आणूच नये. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. लिंग सांगणाऱ्याबरोबरच ते विचारणाऱ्या नवऱ्याला आणि नातेवाइकांनाही शिक्षा होते. उतारवयातले गरोदरपण कधी कधी मुलासाठीच ओढवून घेतलेले असते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ‘तपासणी करून आणतो’ असे म्हणणारे दलाल अशाच घरांच्या दारात येतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे.

तपासण्या कोणत्या आणि कोणत्या आठवड्यात

या तपासण्यांचे दोन वर्ग आहेत आणि त्यांची गल्लत हेच निम्म्या घबराटीचे कारण असते. चाळणी तपासणी फक्त शक्यता सांगते. निदान तपासणी हो किंवा नाही सांगते.

चाळणीतली पहिली म्हणजे ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत होणारी एनटी सोनोग्राफी आणि तिच्याबरोबरचे डबल मार्कर रक्त. सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मिलिमीटरच्या दशांशात मोजतात, त्यामुळे हे माप घ्यायला सराव झालेला हात लागतो. दोन्ही मिळून डाऊन सिंड्रोमची शंभरांतली ८५ ते ९० बाळे ओळखली जातात. वय जास्त असलेल्या बायांमध्ये निरोगी बाळ असूनही निकाल ‘हाय रिस्क’ येण्याचे प्रमाण अधिक असते, कारण गणिताची सुरुवातच वयाच्या आकड्यापासून होते.

ही वेळ हुकली तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रपल मार्कर करता येते. चार महिने पाळी जातेय असे समजून बसलेल्या बाईसाठी हीच वाट उरते. तिच्यात शंभरांतली सुमारे ८० बाळे ओळखली जातात.

तिसरी एनआयपीटी. आईच्या रक्तात बाळाच्या वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते १० व्या आठवड्यापासून मोजता येतात. डाऊन सिंड्रोमसाठी तिची पकड ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून वय जास्त असेल आणि ऐपत असेल तर ही उत्तम चाळणी. पण तीही चाळणीच आहे, आणि केवळ तिच्या निकालावर गर्भपाताचा निर्णय कधीही घेऊ नये. वजन जास्त असेल किंवा रक्त फार लवकर घेतले असेल तर कधी कधी निकालच येत नाही आणि पुन्हा रक्त द्यावे लागते. खासगीत डबल मार्करला साधारण दोन-तीन हजार रुपये लागतात, एनआयपीटी दहा हजारांच्या वरच जाते. कापसाचा चुकारा यायचा असताना एवढे पैसे उभे करणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते की डबल मार्कर आणि चांगली एनटी सोनोग्राफी करणाऱ्या घराने बाळासाठी काही कमी केले असे मुळीच होत नाही.

यानंतर १८ ते २० आठवड्यांतली अनॉमली सोनोग्राफी. तिच्यात हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, हातपाय पाहतात. वय कितीही असो, मार्कर केलेले असो वा नसो, ही करावीच.

‘१:१८०’ असे लिहिलेला कागद

निकालाच्या कागदावर एक गुणोत्तर असते आणि पुष्कळ प्रयोगशाळा १:२५० ही रेघ धरून तिच्या आतल्या, म्हणजे दुसरा आकडा २५० पेक्षा कमी असलेल्या, निकालाला ‘हाय रिस्क’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून काही जण आनंदतात आणि काहींच्या पायाखालची जमीन सरकते. एका एकोणचाळीस वर्षांच्या बाईचा निकाल १:१८० आला होता आणि नवरा तो कागद घडी घालून खिशात ठेवून दोन दिवस फिरत होता. सासूबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. मी त्यांच्याकडून ताट मागून घेतले, त्यात तुरीचे १७९ दाणे मोजून टाकले आणि उडदाचा एक काळा दाणा मिसळला. मोजायलाच बराच वेळ लागला, आणि त्या वेळात घर शांत होत गेले. ताटाकडे पाहून ती म्हणाली, “मले तो एकच दाना दिसून राह्यला, सिस्टर.” तिने पुढची तपासणी करून घेतली. पुढच्या वर्षी जवळपास तसाच आकडा आलेल्या दुसऱ्या बाईने तेच ताट पाहिले आणि ती म्हणाली, “एवढे दाने चांगले हायेत, मंग मी कायले सुई टोचून घेऊ?” तिने घेतली नाही. दोघींचेही बरोबर होते. आकडा आला की घरी असे ताट मांडून पाहा, आणि आपली नजर कुठे जाते याकडे लक्ष द्या.

याच्या उलट, १:२,००० अशा ‘लो रिस्क’ निकालातही एक काळा दाणा असतोच, फक्त ताट मोठे असते.

खात्री करायची असेल तर

खात्री दोन मार्गांनी होते. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून. आपल्याकडे गर्भजल तपासणीच जास्त होते. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून बारीक सुई घालून १५ ते २० मिलिलिटर पाणी काढतात आणि हे काही मिनिटांत होते. इंजेक्शनपेक्षा फार जास्त दुखत नाही, पण पोटात ओढल्यासारखे वाटते. सराव असलेल्या हाती यामुळे गर्भ पडण्याचा धोका दोनशेत एक किंवा त्याहून कमी असतो. हा आकडा आणि मार्करचा आकडा शेजारी शेजारी ठेवून निर्णय घ्यावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचे इंजेक्शन लागते; रक्तगटाचा कागद सोबत नेला नाही म्हणून त्यासाठी धावपळ झालेली मी पाहिली आहे. झटपट निकाल काही दिवसांत आणि गुणसूत्रांचा पूर्ण निकाल दोन ते तीन आठवड्यांत येतो.

सुई टोचल्यावर त्याच दिवशी एसटीने किंवा काळीपिवळीने चार तास हेलपाटत परत येऊ नये. नात्यातल्या कुणाकडे रात्र काढावी आणि दोन दिवस पाण्याचे हंडे उचलू नयेत. पाणी जाणे, रक्त दिसणे, ताप किंवा पोटात सारखी कळ यांपैकी काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

सिकलसेलचा प्रश्न वेगळा विचारा

सिकलसेल हा रक्ताचा, आई-बापाकडून बाळाला येणारा आजार. त्याचा आईच्या वयाशी संबंध नाही, पण विदर्भात, आणि विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात, तो विचारल्याशिवाय गर्भाच्या तपासणीची चर्चा पुरी होत नाही. नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही तो दोष अंगात बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. आधीची दोन मुले चांगली निघाली म्हणून ती कमी होत नाही. उपकेंद्रावरची विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की ग्रस्त, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावी लागते. बाई वाहक निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याचे रक्त द्यावे. त्याच्या रक्तात असा कोणताही दोष निघाला नाही तर चिंता मिटली. दोघेही वाहक असतील तर वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीतून बाळाचे कळू शकते, आणि डाऊन सिंड्रोमसाठी सुई टोचणारच असेल तर दोन्ही तपासण्या एकाच वेळी करून मिळतील का, हे आधी विचारून घ्यावे.

कायदा आणि आठवड्यांचे गणित

पस्तिशीच्या वर वय हे गर्भजलासारख्या तपासणीसाठी कायद्याने मान्य केलेले कारण आहे. तपासणीआधी डॉक्टरांनी ती बाईला समजेल अशा भाषेत सांगून तिची लेखी संमती घ्यायची असते. न समजलेल्या कागदावर अंगठा उठवू नये.

गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, बाळात गंभीर दोष असण्याची मोठी शक्यता असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यानंतर गंभीर दोषासाठी शासनाने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, कायदा नवऱ्याची सही मागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे.

आता गणित मांडून पाहा. बाराव्या आठवड्यात डबल मार्कर केले, तेराव्यात निकाल आला, सोळाव्यात गर्भजल काढले, तर एकोणिसाव्यात पूर्ण निकाल हाती असतो आणि विचाराला थोडी उसंत मिळते. तेच क्वाड्रपल अठराव्या आठवड्यात केले, तर पूर्ण निकाल येईपर्यंत बाविसावा-तेविसावा उजाडतो, आणि बाळ पोटात हलायला लागलेले असते. ज्या घरांनी या अवस्थेत निर्णय घेतला त्यांचे हाल मी पाहिले आहेत, म्हणून सुरुवातीला नाव नोंदवण्याचा एवढा आग्रह धरला.

कुठे जावे आणि सोबत काय न्यावे

गावात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मार्कर तपासणी सहसा होत नाही. तालुक्याच्या खासगी कलेक्शन सेंटरमधून रक्त बाहेर जाते. तिथे एनटी सोनोग्राफीचा अहवाल सोबत पाठवला जातो का, हे विचारावे, कारण त्याच्याविना निकाल अर्धवट असतो. सल्ला आणि पुढच्या तपासणीसाठी नागपूरची मेडिकल, मेयो आणि एम्स ही सरकारी रुग्णालये, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा आपल्या जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. कोणत्या वारी ओपीडी असते आणि हवी ती तपासणी सध्या तिथे होते का, हे आरोग्यसेविकेकरवी फोनवर विचारूनच मजुरीचा दिवस मोडावा. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, दोघांचे सिकलसेलचे कागद, रक्तगट आणि आधीचे बाळ दगावले असेल तर त्याचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत. सोबत असा माणूस न्यावा, जो डॉक्टरांसमोर बाईला बोलू देईल.

निकाल चांगला आला तरी साखरेची तपासणी आणि दर भेटीत रक्तदाब चुकवू नये, कारण या वयात ते त्रास गुणसूत्रांच्या दोषापेक्षा कितीतरी जास्त बायांना होतात. बाळात दोष आहे आणि बाळ ठेवायचे ठरले आहे, अशा वेळी २० ते २४ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्यावी, आणि नवजात बाळांसाठी अतिदक्षता कक्ष असलेल्या दवाखान्यात बाळंतपण ठरवावे. जन्मानंतर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव घातले की बाळाच्या व्यायामाचे आणि बोलण्याचे शिक्षण पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होणारे गाव असेल, तर नवव्या महिन्यात बाईला आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे आणि रुग्णवाहिकेचे १०२ व १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून द्यावेत.